टाचणीखालची चिठ्ठी

गळ्याची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. दोन्ही नातवंडांची शपथ घेते. हवं तर समोर दिवा लावा, ज्योतीवर हात धरते. आणि हे मी मोठ्यानं म्हणते आहे, शेजारच्या जोगदंडांनाही ऐकू जाऊ दे. एवढं ठासून सांगावं लागतं, कारण आमच्या घरात माझ्या शब्दाला किंमत उरलेली नाही. कृष्णेतल्या मगरीनं माझा जेवणाचा डबा पळवला आणि दुसऱ्या दिवशी घासूनपुसून काठावर आणून ठेवला, असं मी एकदा सांगितलं. तेव्हापासून दारात पोस्टमन आलाय म्हटलं तरी सून आधी खिडकीतून बघते. तर ती मगर सोडा. हे कारखान्यातलं आहे.

साल नव्वद, वार बुधवार. केळशीकर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, हातात घडी घातलेला लांबच लांब कागद.

"बाई, चिठ्ठ्या किती होत्या?"

"चारशे बारा."

"आणि मागण्या किती उरल्या, ओळखा."

"तुम्हीच सांगा की. सांगायलाच आलाय ना?"

"एकशे सदतीस. अकरा मिनिटांत."

मला याच कामाला पंधरा दिवस लागायचे. पंधरा दिवस आणि दोन डब्या टाचण्या.

आमचा कारखाना मिरजेच्या अलीकडं, रेल्वे फाटकाला लागून. कडबाकुट्टीची मशीनं करायचा. एका तोंडानं वैरण घालायची, दोन दातेरी रूळ ती आत ओढतात, पुढं पाती तिचे बारीक तुकडे करतात. नवं मशीन काढायचं ठरलं की प्रत्येक खातं आपल्याला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून पाठवायचं. विक्रीवाले म्हणणार, वजनाला हलकं करा. फौंड्रीवाले म्हणणार, पातळ ओतलं तर तडकतंय, जाड ठेवा. दुरुस्तीवाले म्हणणार, नट अशा जागी द्या की पान्हा तरी आत जाईल. सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडं. जेवणाची सुट्टी संपली की मी त्या कँटीनच्या लांब टेबलावर मांडायची. एकच गोष्ट मागणाऱ्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवायच्या, टाचणी लावायची, वरची चिठ्ठी वाचायची आणि मागणीपत्रकात त्याची एक ओळ लिहायची. ते पत्रक एकदा ड्रॉइंगला गेलं की त्याच्याबाहेरचं एक भोकसुद्धा कोणी पाडत नसे.

हे काम आता कम्प्युटरनं करायचं, असं आवटीसाहेबांनी ठरवलं. आवटीसाहेब म्हणजे आमच्या डिझाइन खात्याचे मुख्य. त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा संस्थेतून हा केळशीकर आणला. सव्वीस वर्षांचा, हडकुळा, जेवताना पण खिशाला चार पेनं. तीन आठवडे त्यानं मला प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. भिंतीवर खाकी कागद चिकटवायचा, त्यावर गोल काढायचा, गोलात एकेका भागाचं नाव लिहायचं, आणि गोलागोलांमधनं रेघा ओढून रेघेवर नातं लिहायचं. हा त्याचा प्रकार. हे त्याचं अंग. हे बदललं की ते बदलतं. म्हणे कम्प्युटरला नुसती नावं देऊन उपयोग नाही, नाती सांगितली की मग कुठली मागणी कुठलीत मिसळते हे तो आपलं आपण ठरवतो.

"बाई, बुश आणि बेअरिंगचं नातं काय?"

"सख्खे भाऊ. दोघंही फिरता दांडा पेलतात. एक गावातच राहिला, दुसरा शिकून साहेब झाला."

"तसं नाही ओ बाई."

"मग मला विचारता कशाला?"

तरी त्यानं लिहून घेतलं. वर रेकॉर्डरूममधली दहा-बारा वर्षांची जुनी मागणीपत्रकं टाचण्यांसकट खाली उतरवली, आणि आमच्यात दोन मागण्या कधी एक धरतात याचे नियम त्यातनं वेचून कम्प्युटरमध्ये भरले. त्याचा एकही दिवस फुकट गेला नाही. माझे सगळे गेले.

तो कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग उलटा, शेवटापासून वर.

"पायपट्टी कुठं आहे?"

"कुठली?"

"पायानं दाबली की रूळ थांबणार ती. मी स्वतः लिहिलेली चिठ्ठी आहे, दोनशे एकवीस नंबरची."

त्यानं कागदावर बोट फिरवलं. "ती तरफेत विलीन झाली. ही बघा, एकोणिसावी मागणी. मशीन थांबवायची सोय, उजव्या हाताला, तरफ."

"विलीन म्हणजे? तेरावं घातलं का तिचं?"

"दोन्हीचं काम तेच ना, बाई? थांबवणं. मग एकच सोय पुरे. हेच तर करायचं होतं आपल्याला."

आता हौसाक्काचं सांगते, म्हणजे मी का इतकी चवताळले ते कळेल.

महिनाभर आधी आमच्या ऑफिसात एक बाई आली होती. हौसाक्का खोत, नदीपलीकडच्या गावची. डाव्या हाताची तीन बोटं मुळापासून नव्हती. तिच्या गावात बायकांची दूध डेअरी होती आणि त्या तीनशे कडबाकुट्ट्या घेणार होत्या, पण एका अटीवर. ती अट सांगायला ती विक्रीवाल्यांकडं गेली. त्यांनी चहा पाजून तिला माझ्याकडं धाडलं.

"शहाऐंशी साली गेली बोटं," ती म्हणाली. "तुमचीच मशीन हुती. मी खाली बसून वैरण घालत हुते. दोनी हात वैरणीत. बांगडी अडकली आन् हात आत चालला. तरफ तकडं उजवीकडं, हातभर लांब. तिला धरू का सोताचा हात वडू?"

मी कोरी चिठ्ठी पुढं ओढली.

"बापयगडी हुबं ऱ्हाऊन घालत्यात. त्यास्नी हुतंय तरफेचं. आमाला पायानं बंद व्हनारं पायजे. माझं गेलं ते गेलं, पर तीनशे जनी हायती."

"लिहिते की."

"लिवून काय हुतंय, बाय? लिवल्यालं मशिनीत उतरतंय का ते बघ."

"उतरेल," मी म्हटलं. "माझा शब्द."

तर तो शब्द आता एकोणिसाव्या मागणीत विरघळून गेला होता, आणि शनिवारी पत्रकावर साहेबांची सही व्हायची होती. सही झाली की पुढची दहा वर्षं तेच मशीन.

"केळशीकर, ती चिठ्ठी परत घाला. शब्द बदलून देते." मी लिहून दिलं, मशीन पायानं थांबलं पाहिजे.

त्यानं बसून ते टिचटिच इंग्रजीत घातलं. आम्ही दोघं पडद्याकडं बघत राहिलो. अकरा मिनिटं. एकशे सदतीस. पायपट्टी नाही.

"मशीनला दोन ठिकाणी थांबवायची सोय असावी, असं घाला."

अकरा मिनिटं. एकशे सदतीस.

"अहो, कम्प्युटर आहे का भिंत?"

"बाई, तो नियमानं चालतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही."

"मग तुमच्यावर चिडते."

गुरुवारी सकाळी मी आणखी एक शक्कल काढली. पायाचं नावच घ्यायचं नाही. लिहून दिलं, कामगाराचे दोन्ही हात गुंतलेले असताना मशीन थांबवता आलं पाहिजे. या वेळी कम्प्युटर अडला. पडद्यावर प्रश्न आला. केळशीकरनं वाचून दाखवला, "तरफ ओढायला एक हात लागतो. दोन्ही गुंतलेले आहेत. कामगाराला एकूण हात किती?"

"चार सांगा."

"बाई."

"सांगा ओ. बघू काय करतो ते."

तो बिचारा कंटाळलेलाच होता. त्यानं चार दाबलं. आणि देवाशप्पथ, तो कम्प्युटर खूश झाला. प्रिंटर खर्रखर्र चालू झाला, आणि एकोणिसावी मागणी बाहेर आली. तरफ तिसऱ्या हाताच्या कक्षेत असावी. खाली पंचाहत्तरावी मागणी पण बदलली होती, हातमोजे दोन जोड द्यावेत.

केळशीकर हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मला हसू आलं नाही असं नाही, पण हसता हसता माझ्या डोळ्यांसमोर हौसाक्काचा तो पंजा आला आणि माझं तोंड कडू झालं. चार हातांच्या बाईची सोय करायला हा तयार होता. दोन हातांच्या बाईची नाही.

तोच कागद घेऊन मी आवटीसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब चांगला माणूस. पण कोणी आरडाओरडा केला की त्यांना पोटात कळ यायची, त्यामुळं ते सगळ्यांशीच हळू बोलायचे.

"मगदूमबाई, हे काय आहे?"

"तुमचा कम्प्युटर. बायकांना चार हात आहेत म्हणतोय."

"तुम्हीच सांगितलंत त्याला."

"मी खरं सांगितलं तेव्हा त्यानं ऐकलं नाही, साहेब."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा. पायपट्टी द्यायची तर खालची चौकट बदलते. चौकट बदलली की साचा बदलतो. हे मी करीनही. पण उद्या प्रत्येक खातं येऊन म्हणेल, आमची चिठ्ठी कम्प्युटरनं गिळली. मग मी हे सगळं आणलं कशाला? तुमचं म्हणणं काय, त्याचा नियम चुकलाय?"

"होय."

"मग तो नियम कुठला, कुठनं आला आणि कसा चुकला, ते शनिवारच्या आत दाखवा. मी पत्रक थांबवतो."

बाहेर येऊन मी केळशीकरच्या पुढ्यात धपकन बसले.

"तुमच्या त्या जाळ्यात कितीएक नियम आहेत?"

"दोनशे साठ."

"सगळे वाचायला बसायचं का मग?"

"नाही," तो म्हणाला. "त्याला 'का' असं विचारता येतं."

मी खुर्ची पुढं ओढली.

"म्हणजे? मग दोन दिवस गप्प का होता?"

"तुम्ही विचारलंच नाही, बाई. तुम्ही भांडत होता."

मला त्याच्या खिशातली चारही पेनं मोडावीशी वाटली. पण ते नंतर करता आलं असतं. "विचारा," मी म्हटलं.

त्यानं एकोणिसाव्या मागणीवर नेऊन कळ दाबली. प्रिंटर दोन ओळी खरडून थांबला. नियम एकेचाळीस. थांबवायच्या एकाहून जास्त सोयी मागितल्या असतील तर त्या एक धराव्यात, हातानं चालणारी ठेवावी. आधार, एक्क्याऐंशी सालचं मागणीपत्रक, ओळ बावीस, चिठ्ठ्या सहा, टाचणी एक.

"टाचणी एक," मी म्हटलं. "हे पण लिहिलंय त्यानं?"

"मीच भरलं होतं. एका टाचणीत जे होतं ते तुमच्या खात्यानं एक धरलं, असं मानून."

शुक्रवारी सकाळी आम्ही रेकॉर्डरूममध्ये गेलो. केळशीकरनं गठ्ठे परत नेऊन ठेवले होते, पण सालवार नाही, आपल्या सोयीनं. दीड तास आम्ही धूळ खात होतो. तो शिंकायचा, मी शिव्या द्यायची, कधी त्याला, कधी कम्प्युटरला, कधी हौसाक्कालाही, की बाई, तू माझ्याच टेबलाशी कशाला आलीस. शेवटी एक्क्याऐंशी सापडलं. बावीस नंबरचा झुबका. टाचणी गंजून कागदात रुतून बसली होती. वरची चिठ्ठी विक्रीची, छान वळणदार अक्षरात, उजव्या हाताला तरफ द्यावी. खाली चार तशाच. सगळ्यात खालची, सहावी, मात्र वेगळी. दुरुस्तीच्या कुणा मेकॅनिकची, ग्रीसचा अंगठा उमटलेली.

केळशीकरनं ती उजेडात धरून वाचली. "खेड्यात बायका बसून वैरण घालतात. दोन्ही हात आत असतात. पायानं बंद होईल असं करा. नाहीतर कुणाचा तरी हात जाणार."

त्यानं चिठ्ठी मला दिली. मी ती घेतली आणि तिथल्या खोक्यावर बसले.

एक्क्याऐंशीची चिठ्ठी. हौसाक्काचा हात गेला शहाऐंशीला. मधे पाच वर्षं हा कागद टाचणीखाली पडून होता. नियम कम्प्युटरनं बनवलाच नव्हता. कुणीतरी जेवण झाल्यावर, सुस्तावलेल्या डोळ्यांनी, सहा चिठ्ठ्यांवर 'थांबवणे' एवढाच शब्द बघून टाचणी मारली होती. कम्प्युटर फक्त ते शिकला होता.

"हे पत्रक कुणी केलं?" केळशीकरनं विचारलं.

आता हे सांगते. माझ्या आधी त्या टेबलावर सबनीस म्हणून एक कारकून होते. दुपारी जेवले की पेंगायचे, टाचण्या ओठांत धरायचे, आणि पाच वाजता कोणाच्याही आधी सायकलवर. भला माणूस, पण कामात घाई फार. पुढं वारले. पत्रकाच्या खाली त्यांची सही होती. केळशीकरनं ती सही वाचली, माझ्याकडं बघितलं, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला.

"साहेबांना तुम्ही सांगाल की मी सांगू?" तो म्हणाला.

"मी सांगते."

आमच्यात रिवाज होता, जुनं पत्रक चुकलं असेल तर त्या ओळीवर लाल शाईनं रेघ मारायची, शेजारी 'रद्द' लिहायचं आणि ज्याची चूक त्यानं खाली सही करायची. सबनीस कुठून येणार सही करायला? म्हटलं, मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करा. साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि सरळ म्हटलं, "चूक माझी आहे. लाल पेन द्या."

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "नऊ वर्षं झाली, बाई. आता हे कोण विचारतंय?"

"कम्प्युटर विचारतोय, साहेब. त्याला 'का' विचारलं की तो नाव-गाव-साल सांगतो. त्या वेळी ना तुम्ही विचारलं, ना मी."

त्यांनी पेन दिलं. मी रेघ मारली, रद्द लिहिलं, सही केली. साहेबांनी ती सही बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. मग फोन उचलून ड्रॉइंगला हळूच म्हणाले, "खालची चौकट मोकळी ठेवा. पायपट्टी येतेय."

केळशीकरनं एकेचाळिसावा नियम काढला. नुसता काढून भागेना, बाकीचं जाळं उसवायला लागलं. दुपारभर तो भिंतीवरच्या खाकी कागदापुढं उभा होता. तरफ होती, रूळ होते, पाती होती, मोटर होती. वैरण घालणाऱ्यासाठी एक गोल होता, त्यात नुसतं 'कामगार' लिहिलेलं. त्यानं त्याच्याखाली दोन गोल काढले. एकात लिहिलं, उभा पुरुष. दुसऱ्यात, बसलेली बाई, दोन्ही हात वैरणीत. तिथनं एक रेघ पायपट्टीला नेली.

"आता कुठलीही चिठ्ठी मिसळायच्या आधी तो बघेल की ती कोणासाठी आहे," तो म्हणाला. "वेगळ्या माणसासाठी असेल तर एक धरणार नाही."

"दाबा," मी म्हटलं.

अकरा मिनिटांचं चौदा झालं. एकशे एकेचाळीस मागण्या. विसाव्या ओळीवर पायपट्टी. बाकीच्या तीन मागण्या कुठल्या उगवल्या ते बघितलं, तर त्या पण बायकांच्याच. तोंडाची उंची, चाकाचं झाकण, मोटरचं बटण. साहेबांनी शनिवारी सही केली.

मशीनं दसऱ्याच्या आधी गेली. हौसाक्कानं मला डेअरीवर बोलावलं. पंचवीस-तीस बायका गोळा झालेल्या. ती मशीनशी बसली, दोन्ही हातांनी वैरण घातली, मधेच उजव्या पायानं पट्टी दाबली. रूळ थांबले. पाय उचलला, चालू. पुन्हा दाबली. असं चार-पाच वेळा केलं, काही न बोलता. मग उठून माझ्याजवळ आली.

"एवडंच हुतं गं," ती म्हणाली. "आदीच का न्हवतं केलं?"

"आधी मागितलं होतं एकानं. माझ्या आधी सबनीस म्हणून होते, त्यांनी चिठ्ठी खाली घातली."

"हायती का?"

"वारले."

"मग ऱ्हाऊ दे. मेल्या मानसाला काय बोलायचं." तिनं त्या दोन बोटांच्या पंजावर पितळी डबा तोलून माझ्या हातात दिला. खरवस होता. वेलदोडा घातलेला.

तर हे असं आहे. चार हातांचा कागद माझ्या कपाटात आहे, हातमोज्यांच्या ओळीसकट, कोणीही येऊन बघावा. केळशीकर पुण्यात असतो, त्याला विचारावं. एक सबनीस तेवढे नव्हते. त्या नावाचा माणूस आमच्या कारखान्यात कधी कामाला नव्हता. एकोणसत्तर सालापासून त्या टेबलावर मीच बसत होते, दुपारी जेवल्यावर मलाच पेंग यायची, आणि पत्रकाखालची सही माझी होती.

हौसाक्काला हे मी सांगितलं नाही. पुढं अठरा वर्षं, तिच्या गोठ्यात म्हैस व्याली की माझ्याकडं खरवस यायचा. मी तो खायची.